माझ्या भोवतालच्या सगळ्यांना माहीत होतं

उचकी

उचकी लागली की आमच्याकडे आधी डॉक्टर आठवत नाही, नातेवाईक आठवतात. "कोण आठवण काढून राहिलं बाप्पा?" असं म्हणायचं आणि एकेकाचं नाव घ्यायचं. ज्याच्या नावावर उचकी थांबली, त्यानं आठवण काढली. माझी उचकी कुणाच्याच नावावर थांबेना. सासूबाईंची माझ्या माहेरची नावं घेऊन झाली, सासरची झाली, शाळेतल्या बाया झाल्या. मग त्यांनी मेलेल्यांना हात घातला. "तुह्या आजीचं श्राद्ध करतात ना गं तुह्या घरी?" हे ऐकून मला हसू आलं, आणि हसता हसता पुन्हा उचकी.

मी अकोल्यात एका शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. फळ्याकडे तोंड केलं तरी उचकी, वर्गाकडे केलं तरी उचकी. पोरं आधी फिदीफिदी हसली, मग त्यांनीच हसणं बंद केलं. उचकीच्या जोडीला उलट्या सुरू झाल्या. पाण्याचा घोटही पोटात ठरत नव्हता. पित्ताच्या गोळ्या झाल्या, पोटात नळी घालून पाहून झालं. पोट साफ चांगलं निघालं.

मग आईनं अमरावतीहून मोरपिसाची राख मधात कालवून पाठवली. ती घेऊन आला दादा. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, दिगंबर. अमरावतीच्या बाहेर आमचं फुलांचं शेत आहे. झेंडू, शेवंती, गलांडा, निशिगंध. बाबा गेले तेव्हा मी कॉलेजात होते आणि धाकटी अश्विनी फ्रॉकमध्ये. दादानं शेत, फुलबाजार आणि आम्हा दोघी बहिणी, असं सगळं एकदम अंगावर घेतलं. माझ्या बी.एड.च्या प्रवेशाला तोच माझ्यासोबत रांगेत उभा होता, पायात चिखलाच्या चपला घालून.

तो पलंगाच्या कडेला बसला आणि म्हणाला, "दुसरं कोणी काढो नाईतं न काढो, मी तं रोज आठवण काढतो तुही. माह्यामुळंच लागली असंन उचकी. मले शिव्या दे, थांबते पाह्य."

मी त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. उचकी थांबली नाही, पण त्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. हे मुद्दाम लिहून ठेवते. हा माणूस माझ्यासाठी कोण होता हे आधी कळलं नाही, तर पुढचं सगळं नुसतं भांडण वाटेल.

नंतर उचकी आपोआप गेली. श्रेय मोरपिसाला मिळालं. पुढे न्यूरोच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं की आजाराची सुरुवात तिथंच होती. मेंदूच्या तळाशी उलटी आणि उचकी सांभाळणारी एक जागा असते, तिला सूज आली होती. ते कुणालाच ओळखू आलं नाही. त्याबद्दल माझा कुणावर राग नाही. राग पुढचा आहे.

पाय

त्यानंतर थोड्याच दिवसांत पोटाभोवती कुणी पट्टा आवळल्यासारखं वाटायला लागलं. ब्लाऊज घट्ट झाला असेल म्हणून मी शिवण उसवली. मग पायाखाली फरशीच्या ऐवजी गादी आली. एकदा स्टाफरूममध्ये मी चालत गेले आणि माझी एक चप्पल दारातच राहिली. मला पत्ताच नाही. शिपाई मामा चप्पल हातात घेऊन मागून आले, "मॅडम, हे तुमचीच ना?" मी खाली पाहिलं तेव्हा कळलं की पाय अनवाणी आहे. दुसऱ्या दिवशी मला उभं राहता येईना आणि लघवीही होईना.

तपासण्या झाल्या. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "पाठीच्या कण्यातल्या नसेला सूज आहे. बराच लांब पट्टा आहे." सलाइनमधून स्टेरॉइड सुरू झालं. त्यानं तोंड कडू, झोप गायब, आणि भूक इतकी की मी शेजारच्या पलंगावरच्या बाईच्या डब्याकडे टक लावून पाहायची. ती पातूरकडची होती, आपल्या मळ्यातली वांगी-मिरची बाजारात विकणारी. ती न विचारता अर्धी भाकर आणि ठेचा माझ्या ताटात ठेवायची आणि म्हणायची, "मास्तरीणबाई, लाजून पाय चालत नाई." लघवीच्या नळीची लाज, दुसऱ्याच्या हातून अंग पुसून घ्यायची लाज, सगळी तिनंच घालवली. तिचं नाव मी विचारायचं विसरले, याचं मला वाईट वाटतं.

भीती कशाची होती, सांगू? मरणाची नाही. माझी मुलगी मनू चौथीत होती, आणि आता आपलं सगळं हिलाच करावं लागेल, याची. पण हळूहळू अंगठा हलला. मग पाऊल हललं. प्रमोद, माझा नवरा, माझ्या हलणाऱ्या अंगठ्याचा व्हिडिओ काढून सगळ्यांना पाठवत सुटला.

आमी दाखवून येतो

आपल्याकडे दवाखान्यात एक पद्धत आहे. डॉक्टर पलंगापाशी येतात, पेशंटला म्हणतात, "काय, बरं वाटतंय ना?" आणि मग दाराशी जाऊन नातेवाइकांना बोटानं बोलावतात. खरं बोलणं तिथं होतं. पलंगावरच्याला फक्त पाठी दिसतात. मी कधी त्यात काही वावगं पाहिलं नाही. माझ्या सासऱ्यांच्या वेळी दारातल्या पाठींमध्ये मीच एक होते.

घरी सोडताना माझं रक्त एका खास तपासणीसाठी बाहेर पाठवलं होतं. कागदावर फोन नंबर दादाचा लिहिला. "तू कुठी फोन घेत बसशीन? आराम कर," दादा म्हणाला. रिपोर्ट आला तेव्हा त्यानं मला फोन केला. "सगळं नॉर्मल हाये बाई. सुटली तू." मी घरात वॉकर धरून उभी होते. तशीच देवापुढे गेले आणि दिवा लावला.

मग मॅडमना रिपोर्ट दाखवायला दादा आणि प्रमोद दोघंच गेले. मी म्हटलं, मीही येते. दादा म्हणाला, "जिने चढून तू काहून हाल करून घेतं? आमी दाखवून येतो." येताना दोघं गरम कचोरी घेऊन आले. आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ली. त्या कचोरीची चव मला अजून आठवते आणि आठवली की तोंड कडू होतं.

स्टेरॉइडच्या गोळ्या कमी कमी होत बंद झाल्या. वॉकर सुटला, काठी सुटली. मी शाळेत जाऊ लागले. मी बरी झाले होते. मला तसंच सांगितलं होतं.

सकाळचा तोडा

अश्विनीचं लग्न ठरलं होतं. मुलगा मूर्तिजापूरचा, बँकेत नोकरीला. घरात गडबड चालू होती. मी लग्नाच्या आधी जरा लवकरच अमरावतीला गेले. उजवा डोळा थोडा दुखत होता. बाजूला पाहिलं की आतून कुणी ओढल्यासारखं व्हायचं. मी म्हटलं, जागरण असेल.

हळदीच्या दिवशी सकाळी दादानं अंगणात झेंडूचा ढीग ओतला. मी माळा करायला बसले, डावीकडून ऊन लागत होतं म्हणून तो डोळा मिटून. एक फूल हातात घेतलं, दुसरं घेतलं. सगळी मातकट. पावसात भिजून वाळल्यासारखी.

मी ओरडले, "दादा, घरच्या लग्नाले कालची फुलं काहून आणली? बाजारात उरलेली घरी आणून टाकली का?"

"सकाळचा तोडा हाये," तो म्हणाला. तोडा म्हणजे सकाळी झाडावरून तोडलेली फुलं.

"मंग अशी मळकी काहून दिसून राहिली?"

आता तुम्हाला दादा सांगते. त्याच्या फुलाला कुणी शिळं म्हटलं की हा माणूस भर बाजारात भांडतो. फूल मोडून गिऱ्हाइकाच्या नाकाला लावतो. त्या दिवशी तो काहीच बोलला नाही. माझ्याकडे पाहत उभा राहिला. मग टोपली उचलली आणि मागच्या दारानं निघून गेला. मला वाटलं, थकला असेल बिचारा. उलट मीच मनात म्हटलं, लग्नघरात एवढं बोलायला नको होतं.

लग्नाच्या दिवशी उजव्या डोळ्यापुढे धूर आला. मंडपात उजवीकडे कोण आहे ते डोकं वळवून पाहावं लागत होतं. मी दादाला कोपऱ्यात गाठलं. "मले ह्या डोळ्यानं धड दिसून नाई राहिलं."

"रडून रडून होते तसं. पाठवणी होऊ दे. मंग पाहू."

पाठवणी झाली. अश्विनी माझ्या गळ्यात पडून रडली, तेव्हा तिचं अर्धं तोंड मला दिसत नव्हतं.

कोणतं औषध?

दुसऱ्या दिवशी आम्ही अकोल्याला त्याच मॅडमकडे गेलो. प्रमोद गाडी चालवत होता, दादा पुढे बसला होता. मॅडमनी डोळ्यात बॅटरी मारली, लाल पेनाचं टोपण दाखवलं. डाव्या डोळ्याला लाल, उजव्याला चिखल. त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

"औषध कधी थांबवलं?"

"कोणतं औषध?" मी विचारलं.

"मी लिहून दिलेलं. कायमचं घ्यायचं होतं ते."

मी प्रमोदकडे पाहिलं. तो स्वतःच्या बुटांकडे पाहत होता. दादा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

मॅडम प्रमोदला म्हणाल्या, "मी तुम्हा दोघांना इथं बसवून सांगितलं होतं ना? हा आजार परत येतो. औषध एक दिवसही चुकवायचं नाही. डोळा दुखला, रंग फिके वाटले, तर त्याच दिवशी घेऊन यायचं. सांगितलं होतं की नाही?"

"सांगतलं होतं," दादा म्हणाला. अगदी हळू.

रंग फिके वाटले तर. अंगणातला झेंडूचा ढीग माझ्या डोळ्यांपुढे आला. टोपली धरून उभा राहिलेला दादा आला. तो थकलेला नव्हता. त्याला कळलं होतं. मी फुलांना नावं ठेवत होते तेव्हा मला काय होतंय ते त्या अंगणात एकट्या त्यालाच कळलं होतं, आणि तो मागच्या दारानं निघून गेला होता.

मला दादावर ओरडायचं होतं. तोंडातून आवाज निघाला तो मॅडमसाठी. "मॅडम, पेशंट मी होते. तुम्ही मला का नाही बसवलं?"

त्यांनी टोपण पेनाला लावलं. मग म्हणाल्या, "बसवायला हवं होतं. घरचे म्हणाले, त्या खचतील, आम्ही सावकाश सांगतो. मी ऐकलं. चुकलं माझं."

एवढं तरी त्या बोलल्या. त्या खोलीत "चुकलं" म्हणणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

पुन्हा सलाइन, पुन्हा स्टेरॉइड. मग रक्त मशीनमधून काढून, धुऊन परत अंगात घातलं. पाठीची सूज उतरली होती तसा डोळा काही परत आला नाही. आज उजव्या डोळ्याला उजेड कळतो आणि डोळ्यापुढे हात हलवला तर हलणं कळतं. लवकर आले असते तर वाचला असता का? मॅडम म्हणतात, खात्रीनं सांगता येत नाही, पण शक्यता बरीच होती. शक्यता हा शब्द मी विज्ञानात शिकवते. तो असा लागतो हे माहीत नव्हतं.

कापूस

वॉर्डात असताना मी हट्टाला पेटले. म्हटलं, आता मला सगळं सांगा, मी विज्ञानाची शिक्षिका आहे, मला फळ्यावर काढून दाखवा. मॅडम संध्याकाळी आल्या, स्टूल ओढून पलंगाशी बसल्या आणि औषधाच्या खोक्याच्या पाठीवर चित्र काढलं.

चेतापेशी मला माहीत होत्या. संदेश वाहून नेणाऱ्या. वर्षानुवर्षं मी त्यांची आकृती काढून घेतली आहे, नावं दिली नाहीत तर गुण कापले आहेत. त्यांच्या भोवती सहायक पेशी असतात, त्या आधार देतात, असं एक वाक्य मी सांगायची. पोरांना कळावं म्हणून म्हणायची, बांगड्यांच्या खोक्यात कापूस असतो ना, तसा.

मॅडम म्हणाल्या, "कापूस नाही हो. त्या सगळं ऐकतात." त्यांनी एक चांदणीसारखी पेशी काढली. तिचे हात दोन चेतापेशींच्या मधल्या फटीला चिकटलेले. एक चेतापेशी दुसरीला निरोप देते तो रसायनातून. ते रसायन फटीत सांडतं. चांदणीला ते कळतं. ती उरलेलं रसायन उचलून घेते, म्हणजे तोच निरोप पुन्हा पुन्हा वाजत राहत नाही. आणि ती नुसती आवराआवर करत नाही. स्वतःचीही रसायनं सोडते, चेतापेशींना सांगते, आता जोरात, आता दमानं. चेतापेशी तिचं ऐकतात. दोन्हीकडून बोलणं चालू असतं.

"आणि माझ्यात काय झालंय?"

"या चांदणीच्या हातांवर पाण्याची दारं असतात. तुमच्या अंगातलं संरक्षक दळ त्या दारांना शत्रू समजतं. चांदण्या मरतात. त्या मेल्या की फटीतलं रसायन उचलायला कुणी उरत नाही. ते साचतं आणि भोवतालचं जाळतं. आधी नसेवरचं वेष्टण, मग नस."

म्हणजे नसेचा स्वतःचा काही दोष नव्हता. तिच्या भोवतालचं बोलणं बंद पडलं म्हणून ती गेली.

माझंच शरीर माझ्यावर उलटलं, हे मी एक वेळ समजून घेईन. त्याला डोकं नाही. माझ्या भोवतालच्या माणसांना तर डोकं होतं. त्यांच्यापाशी माझा निरोप आला होता आणि त्यांनी तो माझ्यापर्यंत येऊ दिला नाही.

दादा काय म्हणाला

मी त्याला विचारलं. पलंगावर बसून, सगळ्यांसमोर, आवाज चढवून. "काहून केलं असं?"

तो म्हणाला, "अश्विनीचं जमलं होतं. मूर्तिजापूरवाल्यांच्या कानावर गेलं असतं का मोठीले नसेचा आजार हाये, जन्माचा, तं त्याईनं धाकटीले घेतलं असतं? फुलबाजारात सगळ्या गावाच्या लग्नाच्या गोष्टी होतात. सकाळी एकानं ऐकलं का दुपारपर्यंत मंडपवाल्याले माहीत. आनं तुह्या तोंडात तं तीळ भिजत नाई. तुले सांगतलं असतं तं तूच सगळ्यांपाशी बोलली असती."

"मंग औषध? ते तं देता आलं असतं."

"त्या औषधासाठी सारखं रक्त तपासा लागते म्हणे. तू विचारलं असतं, कायले तपासून राहिले. आमी म्हटलं, लग्न झालं का लगेच सुरू करू. तेवढ्यानं काय होते?"

तेवढ्यानं काय होते. मी हे वाक्य बरेच दिवस तोंडात घोळवत होते. आईला माहीत होतं. वहिनीला माहीत होतं. सासूबाईंनाही प्रमोदनं सांगितलं होतं. ज्यांनी मला खीर करून घातली, पाय चेपले, दृष्ट काढली, त्या सगळ्यांना माहीत होतं. मी एकटीच बरी झाल्याच्या आनंदात फिरत होते. अश्विनीला मात्र खरंच माहीत नव्हतं. कळलं तेव्हा ती माझ्यापेक्षा जास्त रडली.

प्रमोद म्हणाला, "मी सांगणारच होतो तुला. दादा मोठे आहेत, ते म्हणाले थांबू..." मी त्याला म्हटलं, "तुह्या घरात मी झोपते का दादाच्या?" तो आता माझ्या गोळ्या वेळेवर काढून ठेवतो, मी पाकिटावरचं नाव वाचते, तारीख वाचते, मगच घेते. त्याला ते लागतं. लागू दे.

विहीणबाई

अश्विनीची सासू मला भेटायला आली. मोठी, जाडजूड, मोकळ्या तोंडाची बाई. संत्र्यांची पिशवी पायाशी ठेवली आणि माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाली, "पोरी, हे आमच्यासाठी लपवलं म्हणे?"

दादा दारात उभा होता.

"आमच्या घरी माह्या जावेले झटके येतात. तीस वर्षं झाले. आमी कुठी लपवलं? बैठकीतच सांगतलं होतं तुमच्या भावाले. त्यानं नाई सांगतलं तुमाले?"

दादानं मान खाली घातली. ते लोक स्वतःच्या घरचा आजार बैठकीत मांडून बसले होते आणि हा ऐकून आला होता. ऐकूनही त्याची भीती गेली नाही. आता ती बाई खरंच लग्न मोडणार नव्हती का, की लग्न झाल्यावर असं म्हणायला काही लागत नाही, मला माहीत नाही. मला एवढंच कळलं की त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांचं उत्तर दादानं स्वतःच ठरवून टाकलं होतं, माझं ठरवलं तसंच.

विहीणबाई गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून रडले. डोळा गेला तेव्हा रडले नव्हते तेवढी.

मनूच्या पेन्सिली

ज्यांना हा आजार झाला आहे, किंवा दुसरा कुठलाही, त्यांना माझं सांगणं एवढंच: तपासणीच्या कागदावर नंबर तुमचा द्या. डॉक्टर दाराकडे वळले की हाक मारा, "इथंच बोला." खचाल, एक दिवस खचाल, दोन दिवस खचाल. ते परवडतं. आणि घरच्यांनो, तुम्ही भोवतालची माणसं आहात. कापूस होऊ नका. बोला.

मी मनूला सगळं सांगितलं. चौथीतल्या पोरीला काय कळणार, असं सासूबाई म्हणाल्या. तिला सगळं कळलं. ती रोज सकाळी रंगपेटी घेऊन येते, माझा उजवा डोळा तळहातानं झाकते आणि एकेक पेन्सिल धरते. "सांग." लाल. "सांग." पिवळा. कधी मुद्दाम जांभळी धरून विचारते, "हा पिवळाच ना गं?" आणि मी रागावले की खूश होते. दिवसातली ही एक वेळ अशी आहे की मला भीती वाटत नाही.

गोळ्यांशिवाय आता मला ठरावीक महिन्यांनी सलाइनमधून औषध देतात. ते घेतलं की दिवसभर अंगात कणकण राहते, आणि गर्दीत जायचं नाही, सर्दी-खोकलेवाल्यांपासून लांब राहायचं. शाळेत मी सहायक पेशींचा भाग आता पूर्ण तास घेते. चांदण्या काढते. पोरं विचारतात, मॅडम, हे परीक्षेला येते का? मी म्हणते, नाही येत, तरी काढा.

गेल्या वेळी

गेल्या वेळी सलाइनच्या दिवशी दादा अमरावतीहून आला होता. तो दर वेळी येतो. मी बोलावत नाही, तो येतो आणि बाहेर बाकावर बसतो. आत कुणी येत नाही, मी एकटी जाते.

मॅडमनी डावा डोळा तपासला. पुन्हा तपासला. मग समोर बसून म्हणाल्या, "तुम्हालाच सांगते. डाव्या नसेत किंचित फरक वाटतोय. काही नसेलही. आज औषध थांबवू, रक्त पाहू, डोळ्याचे फोटो काढू. गरज पडली तर औषध बदलू."

मला विचारायचं होतं ते सगळं मी विचारलं, त्यांनी सगळं सांगितलं. मग मी बाहेर आले.

दादा उठून उभा राहिला. "काय म्हणते मॅडम?"

मला वाटलं, नको सांगू. याला दे पाठवून घरी, राहू दे निवांत, कळू दे एकदा कसं असते ते. खरंच वाटलं. जिभेवर आलं होतं.

पण मी सांगितलं. डावी नस, फरक, रक्त, फोटो, औषध. एक शब्द गाळला नाही. तो मटकन बाकावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला. येणारे जाणारे पाहत होते. मी त्याला रडू दिलं. पाठीवर हात ठेवला नाही. ठेवावासा वाटला, खोटं कशाला सांगू, पण ठेवला नाही.

"मले माफ कर बाई," तो म्हणाला.

"नाई होत, दादा. होईन तवा सांगीन. आता उठ. फोटोची खोली त्या टोकाले हाये."

तो डोळे पुसत उठला आणि सवयीनं माझ्या उजव्या बाजूला आला. मला तिकडचं दिसत नाही म्हणून सगळेच त्या बाजूनं हात धरतात. त्यानं माझ्या कोपराला हात लावला आणि मी कोपर काढून घेतलं.

"डाव्या बाजूनं चाल," मी म्हटलं. "तू मले दिसत राहायले पाहिजे."

तो माझ्या मागून फिरून डाव्या बाजूला आला, आणि आम्ही चालायला लागलो.